हौशी लेझर कटर घेताना: जाहिरातीतले वॅट आणि खरे वॅट

२०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आणली, आणि त्या वर्षी गणपतीच्या सजावटीलाही थर्माकोलची सूट मिळाली नाही. त्यानंतर नवी मुंबईतल्या वाशी, नेरूळ, कोपरखैरण्याच्या बाजारांत मखरांचे रूप बदलत गेले. पुठ्ठा, एमडीएफ आणि प्लायची घडीची मखरे आली. त्यांवरची जाळी, कमानी, मोरपिसे हाताच्या करवतीने होण्यासारखी नाहीत. ती लेझरने कापलेली असतात. कडेला करपल्याची तपकिरी रेघ दिसते आणि जवळ नाक नेले तर जळक्या लाकडाचा वास येतो.

हे पाहून अनेक घरांत एक विचार येतो: असे यंत्र आपल्याकडे का नसावे? दाराची पाटी, राख्या, तोरणे, मुलांचे शाळेतले प्रकल्प, जमल्यास चार पैशांचा जोडधंदा. टेबलावर मावणारे लेझर कटर आता चांगल्या मोबाइलच्या किमतीपासून मिळतात. हौस चांगली आहे आणि शिकण्यासारखे त्यात पुष्कळ आहे. अडचण खरेदीच्या वेळी येते. एक विक्रेता ‘४० वॅट’ म्हणतो, दुसरा ‘८० वॅट’, तिसरा ‘२० मि.मी. लाकूड कापते’, चौथा ‘मिनिटाला ३०,००० मि.मी. वेग’. यांतले बरेच आकडे धडधडीत खोटे नसतात. ते अर्धवट असतात. कोणत्या वस्तूवर, किती वेळात, कुठल्या तापमानाला, हे त्यांच्यातून गाळलेले असते. ते गाळलेले विचारून घेणे हेच ग्राहकाचे काम.

आधी यंत्रांच्या दोन जाती ओळखाव्या लागतात. पहिली डायोड लेझरची. गॅलियम नायट्राइडचा चिमुकला स्फटिक निळा प्रकाश देतो, त्याची तरंगलांबी ४५० नॅनोमीटरच्या आसपास असते. प्रोजेक्टरसाठी असे ताकदवान निळे डायोड मोठ्या प्रमाणावर बनू लागले आणि त्यातूनच हौशी यंत्रे स्वस्त झाली. दुसरी जात कार्बन डायऑक्साइड लेझरची, म्हणजे बाजारात ज्याला ‘सीओटू’ म्हणतात त्याची. लांब काचेच्या नळीत कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम या वायूंचे मिश्रण असते. उच्च दाबाच्या विजेने आधी नायट्रोजनचे रेणू उत्तेजित होतात, ते आपली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडला देतात आणि त्यातून १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा किरण निघतो.

हा लेझर ज्याने शोधला तो माणूस आपल्या बारामतीत जन्मला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. चंद्र कुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ चा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले, तिथून बेल लॅब्जमध्ये. थिओडोर मेमन यांनी मे १९६० मध्ये पहिला लेझर चालवून दाखवला आणि त्यानंतर चारच वर्षांत, १९६४ साली, पटेलांचा कार्बन डायऑक्साइड लेझर आला. नायट्रोजनकडून ऊर्जा उचलण्याची युक्ती त्यांचीच. आज तुर्भे किंवा रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या गाळ्यांत ॲक्रिलिकची अक्षरे कापणारी यंत्रे त्याच तत्त्वावर चालतात. आपल्या शाळांच्या पुस्तकांत या नावाला मोठी जागा हवी असे मला मनापासून वाटते.

आता वॅटकडे. डायोड यंत्राच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘४० वॅट’ लिहिलेले असते तेव्हा पहिला प्रश्न हा की हे वॅट आत जाणाऱ्या विजेचे की बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे? डायोडला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णता होऊन जातो. म्हणूनच त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा हीटसिंक आणि पंखा बसवलेला असतो. लाकूड कापतो तो फक्त बाहेर पडणारा प्रकाश. या यंत्रांतला एक निळा डायोड साधारण ५ ते साडेपाच वॅट प्रकाश देतो. त्यामुळे खरे १० वॅट हवे असतील तर दोन डायोडचे किरण आरसे-भिंगांनी एकत्र आणावे लागतात, २० वॅटसाठी चार, ४० वॅटसाठी आठ. हा हिशेब डोक्यात ठेवला की बरीच जाहिरात आपोआप उलगडते. एकच डायोड असलेल्या यंत्रावर ४० चा आकडा असेल तर तो विजेचा आहे किंवा ‘४० वॅटइतका परिणाम’ अशा मोघम शब्दांचा आहे. विक्रेत्याला लेखी विचारावे: ऑप्टिकल आउटपुट किती आणि आत डायोड किती? सचोटीचा विक्रेता एका ओळीत उत्तर देतो.

सीओटू यंत्रात फसगत वेगळ्या जागी होते. इथे पुरावा नळीच्या लांबीत असतो. काचेच्या नळीतून किती ताकद निघेल हे मुख्यतः तिच्या लांबीवर आणि जाडीवर ठरते. ४० वॅटची नळी साधारण ७०० मि.मी. लांब असते, ८० वॅटची सव्वा मीटरच्या आसपास. जगभर हौशी लोकांत ‘के-४०’ नावाने ओळखले जाणारे निळे-पांढरे चिनी यंत्र घ्या. त्यातल्या आखूड नळीतून प्रत्यक्षात बहुधा ३० ते ३५ वॅटच सुखाने मिळतात. प्रवाह वाढवून थोडा वेळ जास्त काढता येतात, त्याला पीक पॉवर म्हणतात. पण तसे रोज केले तर नळीचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि नळी हा बदलावाच लागणारा, महाग भाग आहे. म्हणून पीक नको, रेटेड पॉवर विचारा, आणि दुकानात टेप काढून नळी मोजा. त्यात संकोच कसला?

जाडीचा दावा सर्वांत मोहक. ‘२० मि.मी. लाकूड कापते’ या वाक्यातले लाकूड बहुतेक वेळा बासवुड किंवा पॉलोनियासारखे अगदी हलके, मऊ असते. आपल्या दुकानात मिळते ते वेगळे. कमर्शियल प्लायमध्ये थर चिकटवायला युरिया फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो, आणि पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायमध्ये, ज्याच्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो, फिनॉल फॉर्माल्डिहाइडचा. हा दुसरा डिंक लेझरला भलताच चिवट जातो. थर कापला जातो, डिंक कोळसा होऊन बसतो, आणि तो कोळसाच पुढच्या फेरीत किरण अडवतो. आतल्या थरात गाठ किंवा भरलेली फट असली तर तिथे तुकडा सुटतच नाही. म्हणजे किचनच्या ट्रॉलीसाठी जे प्लाय उत्तम तेच लेझरसाठी वाईट. एमडीएफ एकजिनसी असल्याने अंदाज नीट येतो, पण पावसाळ्यात ते दमट हवा ओढते, फुगते, वाकते. शीट दोन मि.मी. वर उचलले गेले की किरणाचा केंद्रबिंदू चुकतो आणि एका कोपऱ्यात आरपार, दुसऱ्यात अर्धवट असे काम होते. नवी मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमक्या मखरांच्या हंगामात, हे सोसावे लागते. शीट आडवे, सपाट, वजनाखाली आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवणे एवढा उपाय आहे.

शिवाय किती फेऱ्यांत आणि कोणत्या वेगाने? दहा फेऱ्या मारून, मिनिटाला १०० मि.मी. सरकत, कडा कोळसा करत कापलेले १५ मि.मी. लाकूड कागदावर ‘कापले’ असेच नोंदले जाते.

ॲक्रिलिकच्या बाबतीत तर भौतिकशास्त्रच निर्णय देते. पारदर्शक ॲक्रिलिकमधून निळा प्रकाश खिडकीच्या काचेतून जावा तसा निघून जातो. तो शोषला न गेल्याने तापवत नाही आणि कापतही नाही. काळे किंवा गडद, अपारदर्शक ॲक्रिलिक मात्र डायोड कापतो. जाहिरातीतल्या छायाचित्रांत काळे ॲक्रिलिक दिसते ते याचमुळे. निळे पारदर्शक ॲक्रिलिकही डायोडला दाद देत नाही, कारण निळा प्रकाश पलीकडे जाऊ देते म्हणूनच ते निळे दिसते. सीओटूचा १०.६ मायक्रोमीटरचा किरण मात्र ॲक्रिलिकमध्ये, मग ते स्वच्छ असो वा रंगीत, पूर्णपणे शोषला जातो आणि कड काचेसारखी चकचकीत येते. ज्याला पारदर्शक ट्रॉफ्या, दिव्याच्या पाट्या करायच्या आहेत त्याने डायोडचा विचार सोडावा. धातूचेही तसेच. ‘धातूवर कोरते’ म्हणजे बहुधा रंग दिलेल्या बाटलीचा रंग उडवते, ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचा थर काढते किंवा स्टीलवर गडद डाग पाडते. उघड्या धातूत खोलवर कोरायला १०६४ नॅनोमीटरचा फायबर लेझर लागतो, ते यंत्रच निराळे.

वेगाचा दावा शाळेतल्या गणिताने तपासता येतो. मिनिटाला ३०,००० मि.मी. म्हणजे सेकंदाला ५०० मि.मी. पण लेझरचे डोके शून्यापासून सुरू होते. त्याचा वेग दर सेकंदाला ३,००० मि.मी. प्रतिसेकंद या हिशेबाने वाढतो असे धरू. तर ५०० चा वेग गाठायला सुमारे ४२ मि.मी. धाव लागते आणि सेकंदाचा सहावा भाग जातो, थांबायलाही तेवढेच. आता ४० मि.मी. रुंदीची किचेन कोरायची आहे. पूर्ण वेगात ती ओळ ०.०८ सेकंदात होते, पण आधीची धाव आणि नंतरचे थांबणे धरून एका ओळीला ०.४१ सेकंद लागतात. मिलिमीटरला दहा ओळी धरल्या तर ४० मि.मी. उंचीला ४०० ओळी. जाहिरातीच्या हिशेबाने ३२ सेकंदांचे काम, प्रत्यक्षात पावणेतीन मिनिटांचे. त्यात ५ वॅटच्या किरणाला एवढ्या वेगात लाकूड गडद करण्याइतका अवधीही मिळत नाही, म्हणून वेग आणखी उतरवावा लागतो. ऑर्डरी घेण्याचा विचार असेल तर हा हिशेब आधी मांडा. शंभर किचेनचा एक लहानसा शाळेचा कार्यक्रमही पूर्ण दिवस खाईल.

आपल्या खाडीकाठच्या हवेचा प्रश्न कोणत्याच माहितीपत्रकात नसतो, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सीओटू नळीला सतत पाणी फिरवून थंड ठेवावे लागते. पाणी साधारण १५ ते २५ अंशांत असावे अशी अपेक्षा असते. मे महिन्यात घामोळ्या आणणाऱ्या गाळ्यात बादलीतले पाणीच तिशी ओलांडते. मग विक्रेता ‘इंडस्ट्रियल चिलर’ देतो. त्यात कॉम्प्रेसर आहे का ते पाहा. काही स्वस्त खोक्यांत नुसता रेडिएटर आणि पंखा असतो. असे उपकरण पाण्याला खोलीच्या तापमानाखाली नेऊच शकत नाही. खोली ३४ अंश, तर पाणी ३४ च्या वरच. ताकद घटते, नळी लवकर संपते.

कॉम्प्रेसरचा चिलर घेतला की पावसाळ्यात उलटा धोका. खोलीत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. त्या हवेत चिलर २० अंशांवर लावला तर थंड नळीवर पाणी साचते. नळीच्या टोकाला पंधरा-वीस हजार व्होल्टची वीज असते. तिथे ओल म्हणजे ठिणगी आणि निकामी झालेला पॉवर सप्लाय. बाहेरच्या आरशावर धुके बसले तर किरण तिथेच शोषला जाऊन आरसा तडकतो. म्हणून एक तर चिलर दवबिंदूच्या एक-दोन अंश वर ठेवायचा, नाहीतर खोलीच कोरडी करायची. एसीने खोली २५ अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेवर आणली तर दवबिंदू १५ अंशांवर उतरतो आणि पाणी २० ला निर्धास्त ठेवता येते. शेदोनशे रुपयांचा आर्द्रतामापक इथे मोठे नुकसान वाचवतो. नळीत पाणी डिस्टिल्डच हवे. टाकीचे पाणी घातले तर क्षार आणि शेवाळ दोन्ही जमतात.

त्यानंतर धूर. सिडकोच्या इमारतीत किंवा खारघरच्या टॉवरमध्ये आपली खिडकी आणि शेजाऱ्याची खिडकी यांत हातभर अंतर. एमडीएफ जळताना फॉर्माल्डिहाइड सुटते. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, दम्याच्या माणसाला तर सहनच होत नाही. ‘धूरविरहित’ अशी जाहिरात असली तर त्याचा अर्थ आत कार्बनची गाळणी आहे एवढाच. ती भरते, बदलावी लागते आणि तिचा खर्च वर्षभराचा धरावा लागतो. ज्या घरात धूर इमारतीच्या मोकळ्या बाजूला सोडायची सोय नाही, त्या घरात रोज एमडीएफ कापू नये, हे माझे ठाम मत आहे.

आणि सनबोर्ड कधीही लेझरखाली घालू नये. शाळेच्या प्रकल्पांसाठी कोपऱ्यावरच्या स्टेशनरी दुकानात मिळणारा हा हलका पांढरा बोर्ड बहुधा पीव्हीसीचा फोम असतो. व्हिनाइल आणि बरेचसे रेक्झिनही पीव्हीसीच. पीव्हीसी जळले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो ओलाव्यात विरघळून हायड्रोक्लोरिक आम्ल होतो, फुप्फुसे जाळतो आणि यंत्राचे रूळ काही दिवसांत गंजवतो. प्लास्टिक कशाचे आहे याची शंका असेल तर रसायनशास्त्रज्ञ बाइलस्टाइन यांची जुनी चाचणी मोकळ्या हवेत करता येते: तांब्याची तार ज्योतीत लाल करायची, प्लास्टिकला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, आणि तो तुकडा लेझरखाली जाता कामा नये.

सुरक्षिततेचे शब्दही तपासून घ्यावेत. अर्ध्या वॅटवरचा उघडा लेझर सुरक्षिततेच्या वर्गीकरणात चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गात मोडतो; त्याचे परावर्तनही डोळ्याचा पडदा कायमचा जाळू शकते. म्हणजे अगदी छोटे ५ वॅटचे उघडे यंत्रसुद्धा त्या मर्यादेच्या दहापट. पूर्ण बंद पेटी आणि झाकण उघडताच किरण थांबवणारा स्विच असेल तरच ‘पहिल्या वर्गा’चा दावा मान्य करावा. सोबत दिलेल्या गॉगलवर तरंगलांबी आणि ओडीचा (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे काच किरण किती अडवते त्याचा) आकडा छापलेला हवा; नुसती हिरवी काच पुरेशी नाही. सीओटूसाठी घरातल्या अर्थिंगची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्या. ‘मुलांसाठी सुरक्षित’ असे लिहिलेले असले तरी चालू यंत्र सोडून कोणी खोलीबाहेर जाऊ नये. लाकूड पेटते ते काही सेकंदांत, आणि वरच्या मजल्यावर अग्निशमन दल पोहोचायला तेवढा वेळ पुरत नाही.

मराठी माणसाला आणखी एक गोष्ट विचारायला हवी, ती देवनागरीची. यंत्राबरोबर येणाऱ्या काही ॲपमध्ये जोडाक्षरे फुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाते. खात्रीचा मार्ग असा की इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मजकूर लिहावा, त्याचे आकारांत रूपांतर करावे, मग सगळे आकार एकत्र जोडावेत. जोडले नाहीत तर प्रत्येक अक्षराची शिरोरेखा वेगळी कापली जाते आणि नावाचे तुकडे होतात. जोडले की मात्र हीच शिरोरेखा आख्खा शब्द एका पट्टीत धरून ठेवते. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटे पडते. देवनागरीत फक्त अनुस्वाराचे टिंब आणि चंद्रबिंदू निसटतात, त्यांना बारीक दुवा द्यावा लागतो. असे बाहेर तयार केलेले डिझाइन कापता यावे म्हणून यंत्र लाइटबर्न किंवा लेझरजीआरबीएलसारख्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालते का हे पाहावे. एकाच कंपनीच्या ॲपला बांधलेले यंत्र ते ॲप बंद पडले की निरुपयोगी होते.

व्हिडिओंवरून मत बनवताना यंत्र फुकट मिळाले होते का हे पाहा. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा संबंध उघड करणे अपेक्षित आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणारी जाहिरात हा दंडनीय प्रकार ठरवला असून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. पण कायद्याचा हात पोहोचायला विक्रेता इथला असावा लागतो. जीएसटीचे बिल, भारतातला पत्ता, नळी किंवा डायोडची हमी किती महिन्यांची हे लेखी घ्या, आणि जाहिरातीचे पान त्याच दिवशी जपून ठेवा. तक्रार करायची झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

निवड करायची तर माझा सल्ला असा. सदनिकेत राहणाऱ्याने, लाकूड-पुठ्ठा-चामडे एवढेच करायचे असेल तर, खऱ्या १० वॅट ऑप्टिकल ताकदीचे, बंद पेटीचे डायोड यंत्र घ्यावे, ३ मि.मी. बासवुड प्लाय, पुठ्ठा, राख्या, पाट्या यांना ते पुरते. पारदर्शक ॲक्रिलिक हवे असेल आणि स्वतंत्र गाळा, बाहेर जाणारा एक्झॉस्ट, कॉम्प्रेसरचा चिलर या तिन्ही गोष्टी असतील तरच सीओटू. वर्षातून दोन-चार वस्तूच करायच्या असतील तर यंत्र घेऊ नये. एमआयडीसीतले जॉबवर्कवाले मिनिटाच्या दराने काम करून देतात. शिकायचे असेल तर फॅब लॅब, म्हणजे अशी यंत्रे शिकायला आणि वापरायला मिणाऱ्या कार्यशाळा, आहेत. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली अमेरिकेबाहेरची पहिली फॅब लॅब उभी राहिली, आणि फॅब लॅबच्या ठरलेल्या साहित्यात लेझर कटर असतोच.

आणि पैसे देण्यापूर्वी एक करा. तुमच्या नेहमीच्या दुकानातले ३ मि.मी. एमडीएफ, एक प्लायचा तुकडा आणि हवे ते ॲक्रिलिक घेऊन विक्रेत्याकडे जा. पेनड्राइव्हवर देवनागरीतले स्वतःचे नाव न्या. ते तुमच्यासमोर, तुमच्या मालावर कापून मागा आणि घड्याळ लावा. विक्रेता दूरगावचा असेल तर तोच माल कुरियरने पाठवून अखंड व्हिडिओ मागा. याला जो नकार देतो त्याच्याकडून यंत्र घेऊ नका.